दारवाल्याकडे राहिलेले गाणे

मी, योएजेर, हिल्कीयाचा मुलगा, वंशाने लेवी, म्हणजे मंदिराच्या सेवेकऱ्यांपैकी, यरुशलेमच्या मंदिरातील दारवाल्यांच्या कुळातला, हल्ली राहणार लोद, धंदा लोकांची पत्रे व करारमदार लिहून देण्याचा, स्वसंतोषाने लिहून ठेवतो की, मी अंथरुणाला खिळलेलो नाही. आपल्या पायांनी बाजारात जातो, घासाघीस करतो आणि तरीही फसून घरी येतो. माझी बुद्धी शाबूत आहे. याविषयी पत्नीचे मत निराळे असले, तरी तिला साक्षीदार केलेले नाही. छातीतली घरघर मात्र वाढली आहे आणि वैद्य अलीकडे माझ्याशी फार गोड बोलू लागला आहे. सबब हे लिहिणे लांबणीवर टाकण्यात अर्थ नाही.

कलम एक. लोद येथील राहते घर, अंगणातील पाण्याच्या टाक्यासह, माझी एकुलती मुलगी शप्पीरा हिला द्यावे. तथापि माझी पत्नी मार्था हयात आहे तोवर माडीवरची वाऱ्याची खोली तिची. तिथून तिला कोणी हलवू नये. हलवू पाहणाऱ्याचे काय होते, हे मी संसारभर पाहत आलो आहे.

कलम दोन. दाराने आत येताच समोरच्या भिंतीवर हातभर चौकोन मी बिनगिलाव्याचा ठेवला आहे. रोमी फौजेने वेढा घालून मंदिर जाळले, त्याची ती आठवण. या गल्लीत कोणी मांस सोडले, कोणी द्राक्षारस सोडला. कोणी जमिनीत तलवार पुरून मशीहाची वाट पाहतो, तर कोणी पोरांना ग्रीक शिकवून रोमी कचेरीत चिकटवतो. माझ्याच्याने यातले काही झाले नाही. मी भिंत उघडी ठेवली. आता आमचे जावई पडले गवंडी. जेवायला बसले की घास हातात आणि डोळे त्या चौकोनावर. मागच्या सणाला म्हणाले, "मामा, नुसता एक हात फिरवू द्या हो, रात्री झोप येत नाही मला." तर जावयांनी झोपेचा बंदोबस्त दुसरीकडे करावा. त्या भिंतीला चुना लागणार नाही.

कलम तीन. सणाच्या पंगतीत याच दुःखाखातर एक पदार्थ कमी करायचा, अशी आपल्या लोकांची रीत आहे. आमच्या घरी इतकी वर्षे तो पदार्थ खारवलेला मासाच निघाला, जो मला आवडतो. मार्थाच्या आवडीची मसूर कधी सुटली नाही. माझ्या पश्चात वर्षाआड तरी मसूर सोडावी. हा हुकूम नाही. हुकूम करून काही उपयोग झाल्याचे मला आठवत नाही.

कलम चार. माझे बोरू, दौत, चाकू आणि मोशेच्या ग्रंथाची गुंडाळी शप्पीराला द्यावी. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. हे तिला तोंडावर सांगायचे राहिले, म्हणून इथे लिहितो.

कलम पाच. हे लांबेल.

मंदिरात लेव्यांची कामे वाटून दिलेली होती. गवयांनी दाराला हात लावायचा नाही आणि दारवाल्यांनी गाण्यात तोंड घालायचे नाही. अपराध मोठा, शिक्षा त्याहून मोठी. आम्ही पहाटे थोरल्या दाराला खांदे लावायचो. ते उघडताना खोल, जुना आवाज करी. मग पायऱ्यांवर गवई उभे राहत आणि त्या त्या वाराचे स्तोत्र सुरू होई. माझी पाठ दाराच्या फळीला टेकलेली असे. सूर लाकडातून पाठीत उतरत. ऐकणे माझे काम नव्हते. पण कानांना कोणी झडपा बसवून दिल्या नव्हत्या.

वेढ्यात ते सगळे गवई गेले. शब्द ग्रंथात आहेत, कुठलेही पोर म्हणून दाखवील. चाल मात्र, माझ्या माहितीप्रमाणे, आता फक्त मला ठाऊक आहे. आणि मी दारवाला आहे.

येथील पंडितांना मी विचारले. एक पक्ष म्हणाला, मंदिरच नाही तर मनाई कसली, खुशाल गा. दुसरा पक्ष म्हणाला, मनाई तेवढी उरली आहे. तीही मोडलीस, तर मंदिर खरेच पडले. मला दुसऱ्यांचे पटले, हेच माझे दुर्दैव. पहाटे जाग येते, तोंडाशी सूर येतो आणि मी ओठ मिटून पडून राहतो. मार्था विचारते, "अहो, काही दुखतंय का?" मी छातीवर ढकलतो.

गवयांच्या कुळातला एक जण लोदमध्ये आहे: यकीम, द्राक्षे आंबवून शिर्का विकणारा. बाप गेला तेव्हा तो फार लहान होता. गाण्याचा हक्क त्याचा, चाल मात्र त्याला आलेली नाही. तो सभास्थानात नि लग्नांत स्तोत्र गातो, त्यात कैसरिया शहरातल्या रोमी नाटकवाल्यांची लकेर असते. शप्पीराच्या लग्नात ती लकेर ऐकून मला हसू आले. त्याने गाणे अर्ध्यावर सोडले आणि मांडवभर ऐकू जाईल असे म्हणाला, "दारवाल्यानं दार सांभाळावं." तेव्हापासून आम्ही बोलत नाही. आमच्या घरात शिर्का दुसऱ्या गावाहून येतो.

तर लिहून ठेवतो की, स्तोत्राची चाल, जी माझ्या मालकीची कधीच नव्हती, फक्त माझ्याकडे राहून गेली, ती मूळ मालक यकीम यास परत मिळावी. वरील सर्व कलमे माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. हे एकच कलम आजपासून लागू आहे, कारण उद्या देण्यासारखी ती वस्तू नाही.

कशी द्यायची, तेही ठरवले आहे. मी गाणार नाही. त्याने गावे. दारवाल्याचे काम एवढेच की योग्य त्याला आत सोडायचे, इतरांना अडवायचे. चुकीचा सूर आला की मी लाकडावर हात आपटीन. यात मनाई मोडत नाही, असे माझे मत आहे. पंडितांना यावेळी विचारलेले नाही.

पुरवणी, सही करण्यापूर्वी. शप्पीरा यकीमला घेऊन आली. काय सांगून आणले, ते तिने सांगितले नाही. त्याने उंबऱ्याबाहेर उभे राहूनच पाचवे कलम वाचले, दोनदा वाचले.

"माझ्या वाडवडिलांनी सूर लावले, तुझ्यांनी फळ्या ढकलल्या," तो म्हणाला. "आणि मी तुझ्याकडून शिकू?"

"शिकवतोय कोण? मी अडवणार आहे. त्यात माझा हात धरणारा कोणी नाही."

"लग्नात हसलास तू."

"हसलो. पण बाकीची मंडळी डोलत होती, यकीम. त्यांना दुसरं काही ऐकायलाच मिळालेलं नाही. त्याचं काय करायचं?"

त्याने लेख माझ्या हातात परत दिला. मग उंबऱ्यात बसला आणि पहिली ओळ गायला. मी दाराच्या फळीवर हात आपटला. तो थांबला, सूर उतरवला, पुन्हा लावला. मी पुन्हा आपटला. शेजारी डोकावून गेले. संध्याकाळपर्यंत माझा तळवा लाल झाला होता आणि यकीमने माझ्या सात पिढ्या काढल्या होत्या.

मग एकदा ओळ सुरू झाली आणि माझा हात उचललेलाच राहिला. ती अखेरपर्यंत गेली. यकीम माझ्याकडे बघत होता. मार्था माडीवरून खाली आली होती. तिने या खेपेला काही विचारले नाही.

वरील मजकूर वाचून पाहिला. माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

मुक्काम लोद, सीवान महिना, मंदिर पडल्याचे पंचविसावे वर्ष. कचेरीला लागते म्हणून: दोमितियन कैसरचे चौदावे.

सही: योएजेर, हिल्कीयाचा मुलगा, दारवाला.

साक्षीदार: हनान, नबायचा मुलगा, कुंभार.
साक्षीदार: मनाहेम, अज्जूरचा मुलगा, तेली.

(लाभ घेणाऱ्याची साक्ष चालत नाही, असे सांगूनही खालील इसमाने बोरू हिसकावून स्वहस्ते लिहिले आहे.)

यकीम, गवयांच्या कुळातला. एक ओळ मिळाली. बाकीच्या येणे आहेत. त्या पुऱ्या होईपर्यंत लिहून देणाऱ्याने मरू नये.