अहेरीतल्या बर्फाच्या फळ्या

अहेरी, जि. चांदा
९ डिसेंबर १९५६

तीर्थरूप देवाजीभाऊंच्या चरणी धाकट्या भैयाजीचा दंडवत. इकडे सारे बरे आहेत. मायचे गुडघेही बरे आहेत (म्हणजे दुखतात, पण ती बरे म्हणते). काश्मिरात तुमची तब्येत कशी आहे ते तुम्ही कधी लिहीत नाही, म्हणून मी विचारणे सोडले असे समजू नये.

बर्फावर घसरायच्या, पलटणीने मोडीत काढलेल्या फळ्या, त्यांच्या सुट्या लोखंडी पकडी आणि तुमचे जुने बूट, असे गाठोडे पोचले. "फळ्या भिंतीला टांगा, बूट कोणाला तरी देऊन टाका, यंदाही सुट्टी नाही," असे तुम्ही लिहिले. भाऊ, हे चौथे वर्ष. मी मनाशी म्हटले, पकडी बसवून फळ्या तयार ठेवू, वस्तू तयार असली की मालक येतो. (गाय घ्यायच्या आधी गोठा बांधणारे आपले घराणे.)

पकड म्हणजे बुटाचे नाक धरणारे लोखंड आणि टाचेमागून आवळायचा पट्टा. दोन दिवस मी ओट्यावर फळीचा तोल शोधत बसलो आणि शेवटी बैलबंड्या बनवणाऱ्या इसरूला बोलावले. त्याने लांब खिळे ठोकून आरपार काढले आणि खालून मुरडले. म्हणाला, "खिळा मुरडला नाई तर मले अन्न गोड लागत नाई." बैलबंडीला हे शास्त्र बरोबरच आहे. मीही लाकडाच्या आगारातला मुनशी, जाणत्यासारखी मान डोलावली.

बर्फ नाही, म्हणून परीक्षा भाताच्या तणसाच्या ढिगावर ठरली. गल्ली जमली. उजवा बूट मला सैल झाला आणि डावा काही केल्या पायात जाईना, म्हणून डावा पाय तसाच पट्ट्याने बांधला. देवाचे नाव घेतले आणि जागचा हललो नाही. मुरडलेले आठ खिळे तणसात रुतून बसले होते. शेजारच्या रुखमाबाई खालून ओरडल्या, "काऊन जी, तिथीच वखरून राह्यले का?" मी चिडून पुढे झुकलो, तेव्हा पाय बुटातून निघाला, पट्टा तुटला आणि फळ्या वर ठेवून मी एकटाच खाली आलो, तो थेट शेळीवर. शेळी बरी आहे. (मला पाहिले की वाट सोडते.)

मग खिळे उपटले, भोकांत सागाच्या खुंट्या आणि लाख भरली, उजवी पकड आखूड स्क्रूंनी बसवली. ते करताना वाटले, इसरूला काय हसायचे? मीही चार वर्षे प्रत्येक पत्रात "कधी येता, कधी येता" असे खिळे ठोकून खालून मुरडतोच आहे, आणि तुम्हाला तिकडे काय रुतते ते एकदाही विचारले नाही. भाऊ, तुमची फार आठवण येते. बाकी सर्व ठीक.

तुमचा आज्ञाधारक,
भैयाजी

ता. क. डावी पकड अजून बसवली नाही. डावा बूट पायात का जात नाही म्हणून आत हात घातला. पुढे चार बोटे खोल लोकरीच्या चिंध्या, वापरून वापरून दगड झालेल्या. पलटणीतून परतलेल्या लालसूला विचारले. तो म्हणाला, बर्फ पायाची बोटे खातो. तुमची सुट्टी कुठे अडकली ते तेव्हा कळले. मायला सांगितले नाही, चिंध्या होत्या तशा भरून ठेवल्या. पण डाव्या पकडीचे माप पत्राने चालणार नाही. पाय घेऊन यावे.

आणखी एक ता. क. पाकीट बंद करत होतो, इतक्यात माय बाजारातून आली. झिंगूकडून तुमच्यासाठी नव्या वहाणा शिवून आणल्यात. उजवी नेहमीच्या मापाची आहे. डावी चार बोटे आखूड. (गाठोडे आले त्या दिवशी बूट तिनेच झाडले होते, हे मी विसरलो.) म्हणाली, "त्याले लिही, लंगडत आला तरी चालते, पन ये म्हन." वहाणा दारात, आत तोंड करून ठेवल्या आहेत.