नंतरबघूच्या वाट्याला आलेले

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, संगणकाचे प्रोग्रॅम लिहून पोट भरलेला इसम, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. कन्येचे मत वेगळे आहे. ते तिने तोंडी कळवले. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत, पण फेकू नयेत. काय बदलले आणि का, हे मागून येणाऱ्याला कळले पाहिजे.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक कन्येला. तीही याच धंद्यात आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच चालवून पाहावी, हे तिला मी लहानपणापासून सांगत आलो. ती म्हणते, "बाबा, तुम्ही साधा दिवा बदलला तरी दहादा लावून बघता." बघतो. म्हणून आमच्याकडे उजेड असतो.

२. माझे मेहुणे, म्हणजे दिवंगत पत्नीचे धाकटे भाऊ आणि माझे भागीदार. त्यांचे ‘नंतरबघू’ हे नाव त्यांच्या बहिणीनेच ठेवले. चाचणी? नंतर बघू. प्रोग्रॅममध्ये दोन ओळींची टीप? नंतर बघू. शुक्रवारी संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या चालत्या कामात बदल करून फोन बंद ठेवण्याची कला त्यांना उपजत होती. शनिवारी शिव्या खायला मी होतोच. औषधदुकानांसाठी त्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम मी त्यांनाच देतो. त्यात टीप एकही नाही, आणि आकड्यांची नावे एक्स, नवा एक्स आणि खरा नवा एक्स अशी आहेत. तो त्यांनी स्वतः वाचून समजून घ्यावा. करावे तसे भरावे.

३. पत्नी ऑफिसच्या फोनवर निरोप ठेवत असे. ते सगळे ऑफिसच्या मशीनवर साठलेले होते. ती गेली, आणि पाठोपाठ मशीनही गेले. "दाजी, काळजी नको, बॅकअप रोज होतोय," मेहुणे म्हणाले. होत होता. कोणी कधी उघडून पाहिला नव्हता, एवढेच. आत काही नव्हते.

एक निरोप वाचला, कारण त्याची प्रत मी घरी ठेवली होती. मेहुणे ती मागायला आले तेव्हा मी म्हणालो, "नंतर बघू." तेव्हापासून त्यांनी या घराचा उंबरा ओलांडलेला नाही.

दर रविवारी मी तो निरोप लावतो. कन्येला सांगतो, प्रत शाबूत आहे का ते तपासतोय. खरे म्हणजे मला पत्नीची फार आठवण येते. निरोपात ती म्हणते, "अहो ऐका, ताटं वाढतेय. दोघंही या. आणि त्याला सांगा, नंतर बघू म्हणालास तर मी जेवायची नाही."

माझ्या पश्चात ही प्रत मेहुण्यांना द्यावी, असे मी लिहिले होते. सहीपूर्वी नेमाप्रमाणे मसुदा पुन्हा वाचला. मीही नंतर बघूच म्हणत होतो. सबब कलम ३ मधील ‘माझ्या पश्चात’ हे शब्द रद्द. कन्येने त्यांना फोन केला आहे.

स्थळ: आमचे जेवणाचे टेबल.
दिनांक: सोमवार. मजकूर शुक्रवारीच तयार होता. शुक्रवारी मी काहीही लागू करत नाही.

सही: कन्येचे बाबा

साक्षीदार:
१. शेजारच्या निवृत्त परिचारिका
२. कोपऱ्यावरचे चष्मेवाले

मेहुणे हजर आहेत, पण लाभार्थी असल्याने त्यांची सही चालत नाही. ते आतल्या खोलीत आहेत. निरोप संपला की पुन्हा लावत आहेत. ताटे वाढून झाली आहेत. आम्ही त्यांच्यासाठी थांबलो आहोत.