आधी प्रेशर बघू

निर्मळ,
ता. ११ जुलै १९८२

ती. हिरामणदादास,
प्रेमलताचा सा. न. वि. वि.

शेजारच्या जिजाकाकूंना मंगळवारी लकवा मारला. मोगरा खुडताना खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. उजवी बाजू गेली, त्यांचं बोलणं कळत नाही. प्रेशर दोनशे वीस निघालं.

दादा, मे महिन्यात पायात काटा मोडला म्हणून त्या आमच्या दवाखान्यात तीनदा आल्या होत्या. ड्रेसिंग मीच केलं. प्रेशरचं यंत्र शेजारच्या टेबलावर होतं. पण कोणी चक्कर येते म्हटलं तरच आम्ही पट्टा बांधतो. काकू पायाबद्दल बोलल्या, मी पाय पाहिला.

आता डॉक्टरांना म्हटलंय, तिशीपुढचं कोणीही येवो, खोकला असो की काटा, आधी प्रेशर बघू. ते म्हणाले, रांग रस्त्यावर जाईल.

वहिनींना नमस्कार. पत्राची वाट पाहते.
तुझी प्रेमा

नाशिकरोड,
ता. २० जुलै १९८२

चि. प्रेमास अनेक आशीर्वाद.

काकूंचं वाचून वाईट वाटलं. सगळा दोष स्वतःवर घेऊ नकोस, दवाखान्याची रीतच तशी होती. रांगेचं म्हणशील, तर केसपेपर काढून माणसं बाकावर बसूनच असतात ना? तिथेच टेबल मांड. मात्र सायकल मारत आलेल्याला लगेच पट्टा बांधू नकोस, नाहीतर अख्खं निर्मळ आजारी ठरवशील.

बाबांचंही बघ. नाही म्हणतील, तरी बघ.

तुझ्या भल्याची इच्छा करणारा,
हिरामण

निर्मळ,
ता. २ सप्टेंबर १९८२

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं टेबल मांडलं. डॉक्टर महिनाभर करून बघू म्हणाले. प्रत्येकाला पाच मिनिटं गप्प बसवते. बायकांना तेच जड जातं. जास्त निघालं तर थोड्या वेळाने पुन्हा बघते आणि आठवड्याने परत बोलावते. कळंबचे एक मच्छीमार बोटात गळ रुतवून आले होते. बोट दुखतंय नि ही बाई दंड बांधते, म्हणून ते सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडले. पण त्यांचंच दोनशे होतं.

महिन्यात एकशे नव्वद माणसं तपासली. चौतीस जणांचं जास्त, त्यातल्या सव्वीस जणांना काही म्हणजे काही त्रास नव्हता. डॉक्टर आता रांगेचं नाव काढत नाहीत.

बाबा आठ दिवस रुसून होते, मग आपणहून आले. एकशे तीस. तेव्हापासून वाडीत सगळ्यांना आपला आकडा सांगत फिरतात.

काकूंकडे रोज संध्याकाळी जाते. काल मी न सांगताच त्यांनी डावा दंड माझ्यापुढे केला. मला रडू आवरलं नाही.

दादा, गावाला विचारत सुटले, तुला विचारायचं राहिलं. तूही चाळिशीचा. तुझं किती आहे?

थोरल्यांना नमस्कार, मुलांना पापा.
प्रेमा

नाशिकरोड,
ता. २४ सप्टेंबर १९८२

चि. प्रेमास आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाला हसलो. बाबांच्यापेक्षा कमी आकडा कळवून तुला चिडवावं म्हणून कारखान्याच्या दवाखान्यात गेलो. एकशे नव्वद निघालं. बसवून पुन्हा पाहिलं, तेवढंच. आठवड्याने गेलो, तरी तेवढंच. रोजची गोळी सुरू झाली आहे आणि तुझ्या वहिनीने लोणच्याची बरणी माळ्यावर टाकली आहे.

डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास होतो. मी म्हटलं, काहीच नाही. मग आलात कशाला, असं त्यांनी विचारलं. बहिणीने पत्रात विचारलं म्हणून, असं मी सांगितलं.

बाबांना इतक्यात कळवू नकोस. तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझा दादा,
हिरामण