दातात धरलेला दोरा

प्रिय हेमाआत्या,

आई खुर्चीत बसल्याबसल्या झोपली आहे. तिची डावी भुवई करून झाली, उजवी तशीच आहे, आणि मी हात धुवायला म्हणून आत आले ती वहीच उघडून बसले. रविवारची दुपार आहे. परवा माझी प्रॅक्टिकल परीक्षा. खरं तर मी आत्ता बाहेर जाऊन दुसरी भुवई करायला हवी. पण त्याआधी जे सांगायचंय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

डायरी आहे की, म्हणशील. आहेच. कॉलेजात असल्यापासून लिहितेय. पण डायरी कधी उलट बोलत नाही गं. तू गेल्यापासून हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या त्या दुपारबद्दल मी चार वेळा लिहिलं, आणि चारही वेळा माझंच बरोबर निघालं! म्हणून आज तुला लिहितेय.

आधी बातमी. मी ब्यूटीचा कोर्स करतेय. दादरला, स्टेशनजवळ, दुसऱ्या मजल्यावर. सरकारमान्य सर्टिफिकेटचा, भिंतीवर लावायच्या कागदाचा. हसतेस ना? वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ऑफिसातली टेबलाची नोकरी सोडून! आईने आठवडाभर माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. मग एके सकाळी चहा पुढे ठेवत म्हणाली, "बीकॉम कशाला केलंस मग? वन्सं सातवी शिकून हेच करत होत्या." तिचं म्हणणं बरोबरच होतं.

वर्गात सगळ्या विशीतल्या मुली. पहिल्या दिवशी मला 'काकू' म्हणाल्या, आता 'विभाताई' म्हणतात. मी पहिल्या बाकावर बसते आणि सगळं लिहून घेते. त्वचेचे थर, केसाचं मूळ, कुठली वस्तू उकळायची, कुठली पुसायची, कुठली एकदा वापरून टाकायची. ब्लीच लावायच्या आधी ते कानामागे लावून बघायचं, चोवीस तास थांबायचं. तू काय करायचीस? स्वतःच्या मनगटावर लावायचीस आणि म्हणायचीस, "माका काय झाला नाय, तुका कित्याक होतला?" वहीत लिहून घेताना मला हसू आलं आणि मॅडमनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

हे 'काही नाही' मला हल्ली झोपू देत नाही.

प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना होता. या कामाचा पूर्वीचा अनुभव आहे का? मी लिहिलं, नाही. अगदी सुवाच्य अक्षरात.

आत्या, तू नवरा वारल्यावर काळाचौकीला परत आलीस तेव्हा मी पाच वर्षांची होते. बाबांनी बाहेरच्या खोलीत पडदा लावून अर्धी खोली तुला दिली. एक खुर्ची, एक आरसा, पावडरचा डबा, दोऱ्याचं रीळ. पुठ्ठ्यावर लिहिलेली पाटी होती, तीही कुणीतरी "लायसन आहे का तुमच्याकडे?" विचारलं म्हणून तू उतरवून कपाटामागे टाकलीस. पाटीवाचून काय अडलं? गौरी यायच्या आदल्या दिवशी आपल्या दारातून रांग जिन्यापर्यंत जायची! नव्या नवऱ्या खुर्चीत बसून पहिल्याच ओढीला डोळ्यांतून पाणी काढायच्या आणि तू दातातला दोरा न सोडता म्हणायचीस, "रडतस कित्याक गो? सासूचो हात यापेक्षा कडक असतलो."

दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं टोक आणि मधला पीळ बोटांत. मी ते तेराव्या वर्षी शिकले. आधी माझ्याच पोटरीवर. तू बजावायचीस, या कामाला तीन हात लागतात, दोन आपले आणि तिसरा गिऱ्हाइकाचा. तिने कातडी ताणून धरली नाही तर दोरा चावतो. आणि जिथे हात पोचत नाही, ओठावर, हनुवटीवर, तिथे तिने आतून जीभ लावायची.

दहावीपर्यंत मी बायकांचे वरचे ओठ करायला लागले होते. मग कॉलेज लागलं. गिरगावातल्या दोन मैत्रिणी पहिल्यांदा घरी येणार होत्या. तुझ्या पडद्याकडे बघून त्यांनी विचारलं तर काय सांगायचं, याची मी आधीच तयारी केली होती. विचारलंच त्यांनी. मी म्हटलं, "आत्या शिवणाचा क्लास घेते."

तू पलीकडेच होतीस. सगळं ऐकलंस. आणि पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा टेबलावर कात्री होती, मोजपट्टी होती आणि निळ्या पॉपलीनचा एक तुकडा अंथरलेला होता! त्या गेल्यावर तू मला म्हणालीस, "ती उंच पोर ब्लाऊज टाकता काय विचार हां. नाय म्हणजे, शिकान घेऊक होया माका." आणि हसलीस. समोरच्या दातावर दोऱ्याने पडलेली ती खाच दिसेपर्यंत हसलीस.

मीही हसले. तेव्हा मला वाटलं की तू खरंच गंमत करतेयस. अजूनही ठरवता येत नाही. तुला लागलं होतं का गं? लागलं असेल तर तो पॉपलीनचा तुकडा तू पुढची तीन वर्षं घडी घालून का ठेवलास?

आता वॉर्डातली दुपार. ती मी सरळ लिहिणार आहे.

दुपारी मी आले तेव्हा तू उशीखालून दोऱ्याचं रीळ काढलंस. आईकडून मागवून घेतलं होतंस. "हनुवटी बघ गो. काट्यासारे लागतत." तीन आठवडे तू अंथरुणावर होतीस. जन्मभर इतरांचे चेहरे साफ करणारी बाई, तुझ्या हनुवटीवर पांढरे राठ केस आले होते. मी म्हटलं, "तुझ्या हाताला सलाईन आहे. कातडी कोण ताणून धरणार?"

तू म्हणालीस, "मी जीभ लावतंय मां आतून."

आणि लावलीस. हनुवटी फुगवून, डोळे मिटून, पडून राहिलीस. तयार.

मी दोरा हातात घेतला होता. डायरीत पहिल्यांदा लिहिलं की तुला दुखेल म्हणून थांबले. दुसऱ्यांदा लिहिलं की माझा हात सुटला होता, इतकी वर्षं झाली. तिसऱ्यांदा नर्सला पुढे केलं, ती रागावली असती. चौथ्यांदा तर मी थकले होते म्हणून लिहिलं. यातलं काहीच साफ खोटं नाही, म्हणून तर पटत होतं! पण खरं कारण दारात उभं होतं. माझ्या ऑफिसातल्या दोघी तुला बघायला आल्या होत्या. त्यांनाही मी शिवणाचा क्लासच सांगितला होता. त्यांच्यासमोर मी दातात दोरा धरून तुझ्यावर वाकणार नव्हते. मी रीळ पर्समध्ये टाकलं आणि तुझ्या कानात म्हटलं, "उद्या करू."

तू डोळे उघडलेस. त्या दोघींकडे बघितलंस. आणि त्यांना म्हणालीस, "बसा. माझा शिवणकाम आता बंद आसा."

बंदच झालं, आत्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. चाळीतल्या बायकांनी तुला आंघोळ घातली, केस विंचरले, पांढरी साडी नेसवली. मी पायाशी उभी होते आणि फक्त हनुवटीकडे बघत होते. रीळ पर्समध्येच होतं. तेव्हाही काढलं नाही. लोक काय म्हणतील? प्रेताला कुणी थ्रेडिंग करतं का? बघ, तिथेही लोकच आले मध्ये.

कोर्सला नाव घातलं ते त्यानंतर आठ महिन्यांनी. प्रायश्चित्त म्हणून का? हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते आणि रोज वेगळं उत्तर येतं. पण एक खरं आहे, हातात दोरा असतो तेवढा वेळ माझी चुळबुळ थांबते.

थांबायची, म्हणायला हवं. गेल्या आठवड्यात सराव परीक्षा झाली. वर्गात दोरा दातात धरायची बंदी आहे, थुंकी गिऱ्हाइकाच्या कातडीवर जाते. त्याऐवजी दोऱ्याचा फास करून तो मानेत अडकवायचा आणि मान मागे नेऊन ताण द्यायचा. मी ते शिकले, रोज करत होते. पण त्या दिवशी घड्याळ लावलं गेलं, मॅडम मागे उभ्या राहिल्या, आणि मला काही कळायच्या आत दोरा दातात गेला होता. तोंड उघडायचं भान राहिलं नाही. एक भुवई तर झालीसुद्धा, झरझर, तुझ्यासारखी!

मॅडम ओरडल्या, "ताई, तोंडातून काढा आधी! पुढच्या मंगळवारी बाहेरच्या परीक्षक असतील. तिथेच थांबवतील तुम्हाला." मग भुवई बघायला वाकल्या. आणि आवाज बदलून म्हणाल्या, "हे शिकलात कुठे?"

"यूट्यूबवर."

मागून एक मुलगी म्हणाली, "यूट्यूबवर कोण दातात धरतं, ताई? ते तर चाळीतल्या पार्लरवाल्या आंट्या!" सगळ्या हसल्या.

आत्या, मीसुद्धा हसले.

घरी येऊन मी दोरा मानेत अडकवला आणि पोटरीवर सराव करत बसले. पोटरी सोलवटून निघाली. हात मानेचं ऐकतो, पण घाई झाली की दात पुढे येतात. नापास झाले तर सहा महिने थांबावं लागेल, नोकरी तर हातात नाही. आणि त्यात काल प्रणालीचा फोन. ती खालच्या मजल्यावरची, माझी मॉडेल. परीक्षेला आपलं माणूस आपणच न्यायचं असतं. तिच्या तोंडावर पुरळ उठलंय. वर्गातल्या एकीने लगेच तिची माहीमची बहीण देऊ केली, चोवीस वर्षांची, कातडी ढोलासारखी ताणलेली. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात आई म्हणाली, "मी येते."

"तू?"

"का? मला तोंड नाही?"

आईला तू ओळखतेस. वीस वर्षं पडद्यापलीकडे स्वयंपाक केला, पण तुझ्या खुर्चीत एकदाही बसली नाही. "आपल्याला नाही बाई नटायची हौस," हे तुला ऐकू जाईल असं म्हणायची. मी मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "नियमात बसतं. पण या वयात कातडी सैल असते, दोरा चावतो, मार्क जातील. तरुण कुणी नाही का?" आईने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. म्हणाली, "बरं, राहू दे." आणि भाजी निवडायला बसली.

आज सकाळी मेथी निवडतानाच, मान वर न करता, ती बोलली. "वन्संनी मलाही सांगितलं होतं. रीळ नेऊन दिलं ना मी, तेव्हा. निदान कात्रीने तरी काप म्हणाल्या. मी म्हटलं, वन्सं, आता कोण बघायला येणार आहे?"

मी तिच्यासमोर जमिनीवर जाऊन बसले.

"तेव्हापासून आरशात आपली हनुवटी दिसली की मला त्याच दिसतात," ती म्हणाली. "घे ना माझी करायला. एवढं काय?"

मी माहीमला फोन करून नको सांगितलं. शहाणपणाचं नाही हे. मार्क जाणार हे मला कळतंय. पण ज्या हातांनी तुझी हनुवटी तशीच ठेवली त्यांनी आईची बाजूला सारून कोवळी कातडी शोधायची, हे मला जमेना.

जेवणं झाल्यावर तिला गॅलरीच्या उजेडात बसवलं. दोरा मानेत. पहिली ओढ, आणि आई कळवळली, "चावला गो!" मी थांबले. म्हटलं, कातडी ताणून धर. तिने डोळे मिटले, एक बोट भुवईखाली, एक वर कपाळावर, असं अचूक धरलं. मग हनुवटीकडे वळले तर सांगायच्या आधीच तिने आतून जीभ लावली.

"तुला कुणी शिकवलं हे?"

"वन्सं सांगायच्या ना बायकांना," ती म्हणाली. "पडद्याला कान असतात."

हनुवटी झाली, आत्या. सगळी. दोरा एकदाही दातात गेला नाही. मग डावी भुवई केली, आणि तेवढ्यात ती झोपली. खरंच झोपली, तोंड जरा उघडं, चेहरा मोकळा. तुझ्या खुर्चीत बायका अशाच झोपायच्या ना? मला तिच्याकडे बघवेना. आत आले आणि लिहायला बसले.

तर आता तुला वचन देते. मंगळवारी दोरा मानेतच राहील. ती तुझ्या दातावरची खाच मला विसरता येत नाही, त्यामुळे मॅडमचं म्हणणं मला पटतं. पण परीक्षक विचारोत न विचारोत, मी सांगणार आहे की हे मी काळाचौकीला माझ्या हेमाआत्याकडे शिकले, ती ब्यूटी पार्लर चालवायची. त्या मुली हसल्या तर हसू देत. पास झाले तर सर्टिफिकेटशेजारी कपाटामागची ती पुठ्ठ्याची पाटी लावीन. नापास झाले तर नुसती पाटी लावीन. आणि अंथरुणाला खिळलेली कुणी म्हातारी "हनुवटी बघ गो" म्हणाली, तर दारात कोण उभं आहे ते बघणार नाही.

आई जागी झाली वाटतं. हाक मारतेय. "विभा, ही दुसरी बाजू उद्या करणार आहेस का?"

नाही म्हणाले. आजच. येतेच म्हटलं.

हात धुऊन जाते,

तुझी
विभा