मनकर्णाचं नाव, माझी सही

मी लंकाबाई गहिनीनाथ ढाकणे, वय अदमासे अडुसष्ट, राहणार लिंबाची वाडी, खर्ड्याजवळ, तालुका जामखेड. डोकं ठिकाणावर आहे, दात तेवढे नाहीत. कोणाच्या धाकाने नव्हे, खुशीने हे मृत्युपत्र सांगते. नात रतन लिहून घेते.

१. घर आणि विहिरीकडची पट्टी मुलगा कारभारी याला. सुनेला विचारल्याशिवाय त्याने तिथलं बाभळीचं खोडसुद्धा तोडू नये.

२. माझी पाटी रतनला. कोपरा फुटलाय म्हणून टाकायची नाही. बारा वर्षांमागं साक्षरतेच्या वर्गात हिच्यावरच मी नाव गिरवलं. “म्हातारी मामलेदार व्हनार!” म्हणून गाव हसलं. शेजारीण मनकर्णा सगळ्यांत मोठ्यानं.

३. तलावावरचा दगड माझ्या मालकीचा नाही, तरी त्याची राखण वारसांवर सोपवते. का, ते नीट लिही गं रतन. औंदाच्या धुळवडीला दुष्काळी कामावर तलाव खणताना मातीचा कडा ढासळला आणि मनकर्णा माझ्या डोळ्यांदेखत गाडली गेली. आठ दिवसांत कामावरच्या कारकुनानं त्या आठवड्याचा हजेरीपट नव्यानं लिहिला. त्यात मनकर्णाच नाही! तिच्या लेकीला, साळूला, सांगितलं, “तुझी आई कामावर नव्हतीच. आपनहून माती आनाया गेली आसंल.” पुढं पाऊस झाला, तलाव भरला, सरकारनं दगड बसवला: ‘हे काम निर्विघ्न पार पडले.’ उद्या पोरांनी तेच खरं धरलं असतं.

साळूनं अर्ज केला. दिवाळीनंतर चावडीत चौकशी लागली. मोठे साहेब म्हणाले, “आजी, हजेरीपटावर सगळ्यांचे अंगठे आहेत. हा बघा तुमचा.”

“माजा आंगठा?” मला हसूच आवरेना. “सायेब, मागची पानं उलटा. तितं लंकाबाई सही करती. मंग ह्याच आठवड्यात मी आडानी कशी झाले?”

साहेबांनी पानं उलटली. म्हातारी म्हणजे अंगठाच, असं धरून चालला होता कारकून. साहेब म्हणाले, “लिहून दाखवा.” दाखवलं, काना-मात्रेसकट!

मनकर्णा हजेरीत परत आली, दगडावरही आली. पाथरवटानं छिन्नीनं ‘निर्विघ्न’ उडवलं. तो खळगा कोणी बुजवू नये. नातवंडांनी विचारलं पाहिजे, इथं काय हुतं? आणि दर धुळवडीला तिचं नाव मोठ्यानं वाचायचं.

४. माझ्या तेराव्याला त्या कारकुनालाही बोलवा. पोटभर वाढा. फक्त पंगतीत साळूच्या समोर बसवा.

साक्षीदार:
१. कानिफनाथ भिमाजी खाडे (सही)
२. केशरबाई श्रीमंत खाडे (सही, महिनाभर पाटीवर गिरवून आज पहिलीच)

मुक्काम लिंबाची वाडी, २ डिसेंबर १९७३

साक्षीदारांच्या अंगठ्यांसाठी रतननं चावडीतून शाईचा पॅड आणला होता. परत पाठवला.

लंकाबाई गहिनीनाथ ढाकणे
(सही, माझ्या हातची)