छत्तीस मिलिमीटर

बोईसर,
२४ फेब्रुवारी १९९२

ती. रामकिसनदादास जमुनाचा नमस्कार.

परळीहून आलेलं तुझं पत्र मिळालं. वहिनीच्या कंबरेला आता आराम असेल. आम्ही दोघं ठीक आहोत. ह्यांची टाच सकाळी अजून धरते, पण कुबडी सुटली आणि पहिल्या पाळीला कामावर जातात. माझं कारखान्यातल्या तपासणी खात्यातलं काम चालू आहे.

तू लिहिलंस, दोर-बीर विकून टाक, नाहीतर पाडव्याला माहेरी येऊ नकोस. दादा, मी दोर विकलेला नाही. उलट एक वस्तू नवीन मागवली.

आमच्याबरोबर कडे चढणारा सातपाटीचा चिंतू बोटीवर नोकरीला आहे. सप्टेंबरात त्यानं इंग्लंडच्या बंदरातून लिहिलं, "वैनी, बारका फ्रेंड हितं मिलतो. दोन परकारचा हाय, मना एकच आनाला जमल. कंचा ते कलव."

तू फिटर आहेस, तुला चटकन कळेल. फ्रेंड म्हणजे दांड्याच्या टोकाला दातेरी चकत्या. खटका ओढला की त्या मिटतात, कातळाच्या भेगेत सोडला की उघडून दोन्ही बाजूंना दाबून बसतात. त्यात दोर अडकवायचा. माणूस पडला तर चकत्या आणखी घट्ट होतात. एका प्रकारात चार चकत्या असतात, डोकं रुंद, बैठक भक्कम. दुसऱ्यात तीनच. डोकं अरुंद, उथळ भेगेत मावतं, पण दोराच्या ओढीनं जागचं हलतं. हे चारवर अडून होते. मी तीनवर.

का, ते सांगायचं तर मागच्या वर्षीच्या जानेवारीतलं सांगावं लागेल. ते मी तुला आजवर सांगितलं नाही. ह्यांच्याशिवाय कुणालाच नाही.

तुम्ही सगळे म्हणता, बायकोच्या हातात दोर दिला म्हणून शिवाजी पडला, टाच फोडून घेतली. ते खोटं आहे. दोर मी सोडला नाही. माझ्या तळव्यांची साल निघाली, तरी नाही. माझी चूक वेगळी आहे.

उमरोळीच्या पूर्वेच्या त्या कड्यावर आधी मी पुढे चढले होते. चाळीस फुटांवर एक उथळ भेग आहे. तिथं मी चार चकत्यांचा फ्रेंड लावला. आतल्या दोन टेकल्या, बाहेरच्या दोन हवेतच राहिल्या. मला दिसलं. पण हात भरून आले होते, पुढे जायचा धीर होत नव्हता आणि फ्रेंड न लावताच खाली उतरायची लाज वाटत होती. ह्यांनी खालून विचारलं, "चारही टेकल्यात ना?" मी म्हटलं, "हो." मग मला खाली घेऊन हे चढले, भेगेच्या वर गेले आणि पाय निसटला. फ्रेंड उपटला गेला. खाली कातळात ठोकलेल्या खिळ्यानं दोर धरला, पण तोवर टाच कपारीवर आपटून फुटली होती.

चिंतूचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी ह्यांना हे सांगितलं. खोटं पोटात ठेवून चार की तीन यावर वाद घालणं मला जमेना. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "भेगेचं माप घेऊन ये. मग बोलू."

कारखान्यातली, पाम गावची ठमी सोबत आली. मागच्या वाटेनं माथ्यावर जाऊन झाडाला दोर बांधला, भेगेपर्यंत उतरले आणि खोलीमापकानं पाच ठिकाणी माप घेतलं. ठमी वरून विचारते, "ताई, या दगडाला काय झगा शिवनार हाय?" भेग छत्तीस मिलिमीटर खोल. चार चकत्यांचं डोकं अठ्ठेचाळीस. तीनचं तेहतीस. आकडे पुढे ठेवले तेव्हा ह्यांनी पेन्सिलीनं तेहतीसखाली रेघ ओढली. मग म्हणाले, "तीनचा मागव. हलू नये म्हणून दोर आणि फ्रेंडच्या मध्ये लांब पट्टी लावू." एवढंच. माफ केलं असं म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

फ्रेंड जानेवारीत हातात आला. काल रविवारी मी चढले.

दोर ह्यांनी धरला होता. दुखऱ्या पायाला आधार म्हणून दगडाला पाठ लावून बसले होते. भेगेत फ्रेंड लावला तेव्हा खालून आवाज आला, "लटक त्याला. तुझं सगळं वजन टाक." मी हात सोडले. फ्रेंड हलला नाही. मग मी वर गेले. माथ्यावर पोचून रडले, ते खाली कुणाला कळलं नाही. तुला सांगते आहे.

तेव्हा दादा, दोष द्यायचा तर खऱ्या गोष्टीचा दे. मी खोटं बोलले, त्याबद्दल हवं ते बोल, मान खाली घालून ऐकेन. पण मी बाई आहे म्हणून कुणी पडलं, हे पुन्हा लिहू नकोस. लिहिलंस तर ते पत्र मी परत पाठवीन.

पाडव्याला मी येणार आहे. माहेर माझंही आहे. दार लावून घ्यायचं असेल तर मला बघून, माझ्यासमोर लाव.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

ह्यांच्या टाचेची गुन्हेगार, आणि पुढच्या रविवारी पुन्हा कड्यावर जाणारी,
तुझी सख्खी बहीण
जमुना