बसायचं स्टूल

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचले. कंबर अजून ठणकते आहे, शेक घेते. तू चहा टाकायला आत गेलास, मी दाराजवळचं स्टूल ओढून टेकले, आणि क्षणात जमिनीवर, भोवती लाकडाचे तुकडे! त्याचं एवढं नाही. पण तू धावत आलास आणि टाळ्या वाजवल्यास? साठी उलटलेली बहीण पडली म्हणून? म्हणूनच चहा न घेता निघाले. तुझे भावोजी गेल्यापासून पहिल्यांदाच कुणाच्या दारात गेले होते रे.

रागावलेली,
ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कानाला खडा लावला. पण आधी ऐक. कुंग-फूच्या सिनेमांसाठी मी मोडणारं सामान बनवतो, हे तुला ठाऊक आहे. नायक चढतो ती शिडी खरी. गुंडाच्या पाठीत घालतो ती माझी, हलक्या लाकडाची, आतून चिरलेली. स्टूल, छत्री, झाडू, सगळ्याची अशी जोडी, दिसायला जुळी. वस्तूचा चुरा झाला आणि माणूस शाबूत राहिला की अख्खं युनिट टाळ्या पिटतं. तीच आमची शाबासकी, तीच विचारपूस. मी 'कडाड' ऐकलं आणि हात आपोआप वाजले. जिभेला सुचेपर्यंत तू जिना उतरली होतीस.

खरं-खोटं मी बोटाने टकटक करून ओळखतो. खरं लाकूड खणखणीत बोलतं, माझं बद्द वाजतं. तू गेल्यावर घरभर टकटक करत फिरलो. टेबल, बाक, उरलेलं स्टूल, सगळं बद्द. शिल्लक माल घरी आणत गेलो. म्हटलं, बसायला येतंय कोण? मी आपला खाटेवर जेवतो. लाज वाटली, ताई.

आता जाड लाकडाचं एक स्टूल करायला घेतलंय. आमच्या सुताराने विचारलं, हे कुणाच्या टाळक्यात घालायचं? म्हटलं, ताई बसणार आहे. तर म्हणाला, तुला बहीण आहे हे इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीस.

येशील ना? लोभ तडकला असला तरी टाकून देऊ नये, ही विनंती.

तुझा,
धाकटा

ता. २१ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मेल्या, खाटेवर काय जेवतोस! राग तिथेच उतरला.

पत्र वाचून मीही घरात टकटक केली. ह्यांची आरामखुर्ची काय खणखणीत बोलली! एवढी धडधाकट, आणि हे गेल्यापासून तिच्यात कुणी बसलेलं नाही. मी रोज नुसती पुसते. पाहुणे आले तरी तिला वळसा घालून पलीकडे बसतात, आणि आता पाहुणेही येत नाहीत.

रविवारी टेम्पोत घालून ती घेऊन येते आहे. परतीचं काही ठरवलेलं नाही. खुर्ची तुला, स्टूल मला. पण आधी त्यावर तू बसून दाखवायचं. नाही मोडलं, तर टाळ्या मी वाजवीन.

वाट पाहा.
तुझी,
ताई